नेब्युला (मेघ संगणन प्रकल्प)

नेब्युला हा अमेरिकेच्या नासा या अंतराळ संशोधन संस्थेने स्वतःच्या वापरासाठी उभारलेला मेघ संगणन, म्हणजेच क्लाउड कॉम्प्युटिंग प्रकल्प होता. नेब्युला म्हणजे तेजोमेघ. त्यामुळे हे नाव दोन्ही अर्थांनी सार्थ ठरते.

पार्श्वभूमी

सरकारी संस्थेतील शास्त्रज्ञाला नवा सर्व्हर हवा असल्यास मागणीपत्र, मंजुरी आणि खरेदी यांत महिने जातात. मेघ संगणनात सामायिक यंत्रांची क्षमता हवी तेव्हा, हवी तेवढी घेता येते. या हेतूने कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात मालवाहू कंटेनरमध्ये सर्व्हर बसवून नेब्युलाची उभारणी झाली. आरंभी युकॅलिप्टस ही प्रणाली वापरली गेली. परंतु तिचा काही भाग मुक्त नव्हता. म्हणून तेथील चमूने पायथन भाषेत 'नोव्हा' ही नवी प्रणाली लिहिली.

ओपनस्टॅक

जुलै २०१० मध्ये नासाची नोव्हा आणि रॅकस्पेस या कंपनीची साठवण प्रणाली 'स्विफ्ट' यांच्या संयोगातून ओपनस्टॅक हा मुक्तस्रोत प्रकल्प जाहीर झाला. नेब्युलाचे खरे योगदान हेच होय. जिनिव्हाजवळील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेने २०१३ पासून आपला खासगी मेघ ओपनस्टॅकवरच चालवला.

समाप्ती

जनक संस्थेने मात्र वेगळा मार्ग धरला. नासाने केलेल्या तुलनात्मक चाचणीत ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवा अधिक विश्वासार्ह आणि किफायतशीर आढळल्या, आणि २०१२ मध्ये नेब्युला बंद झाला. भाड्याच्या मेघानेही नवे प्रश्न आणले. नासाच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१३ च्या अहवालात, काही करारांत माहितीच्या सुरक्षिततेची पुरेशी तरतूद नसल्याचे नोंदवले.

त्याहून मूलभूत अडचण शुल्काची आहे. नासाची पृथ्वीनिरीक्षणाची माहिती जगभरातील कोणालाही विनामूल्य मिळते. ही माहिती ॲमेझॉनच्या मेघात हलवताना, ती मेघाबाहेर उतरवून घेण्याचे शुल्क वापरकर्त्याला नव्हे, तर नासाला द्यावे लागेल. म्हणजे माहितीचा उपयोग जितका वाढेल, तितका संस्थेचा खर्च वाढेल. या खर्चाचा पुरेसा विचार झाला नसल्याचे याच कार्यालयाने मार्च २०२० मध्ये दाखवून दिले. त्या वेळी सुमारे ३२ पेटाबाइट असलेला हा साठा २०२५ पर्यंत २४७ पेटाबाइटपर्यंत जाईल, असा अंदाज होता. माहिती उतरवून न घेता तिचे विश्लेषण मेघातच करावे, असे उत्तेजन संशोधकांना दिले जाते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या इस्रो व नासा यांच्या निसार उपग्रहाची नासाकडील माहितीही मेघातच साठवली जाते.