नाडेप हे कुणाचे नाव?

आमच्या नांदेड-लातूर भागात बांधावर भोकाभोकांचा विटांचा हौद दिसला की कुणीही सांगेल, "तो नाडेप." पण नाडेप म्हणजे काय असे विचारा, बहुतेकांना ती एखादी सरकारी योजना वाटते. मंडळी, ते एका माणसाचे नाव आहे! पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे. नावांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून शब्द बनला आणि देवरावांच्या 'दे'चा 'डे' झाला. नांदेडहून पैनगंगा ओलांडली की उमरखेड आणि पुढे पुसद. म्हणजे तसे आपले शेजारीच.

त्यांनी काय केले हे कळायला पूर्वी आपल्याकडचे शेण कुठे जायचे ते आठवावे लागते. ते चुलीत जायचे. जळण नाही म्हणून गोवऱ्या थापायच्या, उरलेसुरले उकिरड्यावर टाकायचे आणि ते उन्हात वाळायचे, पावसात वाहून जायचे. १९७२च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. शेणखत घाला असे सांगणे सोपे, पण शेण आणायचे कुठून?

या प्रश्नाची सुरुवात आपल्याकडे इंदूरला झाली. होळकरांच्या त्या मराठी वळणाच्या शहरात अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात कापूस संशोधन संस्थेचे प्रमुख होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर लावायचे, ओल राखायची आणि ढीग दोन-तीनदा उलथायचा, म्हणजे तीन महिन्यांत खत तयार. पऱ्हाट्या टणक, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घ्यायचे. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, इथे तीन महिन्यांत फिटत होती! यावरचे पुस्तक १९३१ साली निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. हॉवर्ड जगभर गेले, वाड मात्र कुणाला ठाऊक नाहीत. मला याचे नेहमीच वाईट वाटते.

उलथायला मजूर लागतात. पांढरीपांड्यांनी ते कामच काढून टाकले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद बांधायचा आणि भिंतीत भोके ठेवायची, म्हणजे हवा आपोआप खेळते. आत तुराट्या, पाला, भुसकट यांचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर कोरडी माती. असे थर भरत जायचे आणि वरून शेणमातीने लिंपायचे. शेण लागते अवघे शंभर किलोच्या आसपास, आणि तीन-चार महिन्यांनी सुमारे तीन टन खत निघते. ज्याच्या दारात एकच गाय आहे त्याच्यासाठी हे गणित आहे.

आता जीवामृताचे दिवस आहेत. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर यांनी ते घरोघर नेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दिवसातून दोनदा काठीने ढवळायचे आणि दोन-चार दिवसांत वापरायचे. पण माझ्या मते ते विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? स्वतः पाळेकरही जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन सांगतातच. लोक नेमके तेवढे विसरतात आणि सोयाबीन निघाले की भुसकट पेटवून देतात.

एक अडचण मात्र खरी. नाडेपचा हौद भरायला दीड-दोन हजार लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हे कुणाला सांगायचे? म्हणून हौद पावसाळा सरता सरता भरावा, पाला हिरवा आणि ओला असताना. घरी तर भोके पाडलेला जुना डबा, भाजीची देठे, वाळका पाला आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी एवढे पुरते.