हात सुटला, कान गुंतला : कार्यालयीन हेडसेटची कहाणी

१/ छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या मार्गावर, वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून बजाजनगर वसले आहे. इथल्या एखाद्या कारखान्याच्या कचेरीत, दिवसभर दूरध्वनीवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी बिनतारी हेडसेट घ्यायचे ठरते. किंमत पाहिली जाते, बॅटरी पाहिली जाते, खरेदीच्या कागदावर सही होते. सही करणारा एक आणि तो डोक्यावर घालणारा दुसरा. या वस्तूचा बराचसा इतिहास या दोघांमधल्या अंतराचा आहे.

२/ आधी गावाविषयी. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कारखान्यामागोमाग सुटे भाग पुरवणारे उद्योग आले आणि कामगारांची वस्ती वाढत गेली. स्कूटर असो वा टेलिफोन, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता.

३/ १९८४ हे भारतीय दूरध्वनीच्याही वळणाचे वर्ष. त्या वर्षी सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन झाली आणि ग्राहकाच्या जागेत बसवायची दूरध्वनी उपकरणे बनवण्याची मुभा खासगी उद्योगांना मिळाली. कचेरीतली अंतर्गत जोडणी सांभाळणारी ईपीएबीएक्स यंत्रणा पुढे लहान उद्योगांच्याही आवाक्यात आली. स्वागतकक्षातली ऑपरेटर रिसीव्हर मान वाकवून खांद्यावर दाबून धरी. एक हात बटणांवर, दुसरा नोंदवहीवर.

४/ हात दोन आणि कामे तीन. ही अडचण त्याआधी शंभर वर्षांपूर्वीच उभी राहिली होती. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. सुरुवातीला या कामावर किशोरवयीन मुले घेतली जात. त्यांच्या उर्मटपणाला ग्राहक कंटाळले. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट कामावर रुजू झाली. ती पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर मानली जाते. पाहता पाहता हा व्यवसाय स्त्रियांचा झाला.

५/ भारताला फार वाट पाहावी लागली नाही. ओरिएंटल टेलिफोन कंपनीला १८८१ मध्ये परवाना मिळाला आणि १८८२ च्या जानेवारीत कोलकाता, मुंबई व मद्रास येथे एक्स्चेंज सुरू झाली. ऑपरेटरसमोर भोकांचा फळा असे. ग्राहकाने बोलावले की एका भोकात दोरीचे टोक खोचायचे, क्रमांक विचारायचा, दुसरे टोक दुसऱ्या भोकात खोचायचे. ‘ट्रंक कॉल’ लावून तासन्‌तास ताटकळणाऱ्या पिढ्यांनी या फळ्यामागचा आवाज ऐकला, चेहरा मात्र क्वचितच पाहिला.

६/ या कामाला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून १८८० च्या दशकात एझ्रा गिलिलँड यांनी खांद्यावर चढवायचे एक जोखड तयार केले : एका कानाशी ऐकण्याचे यंत्र, तोंडासमोर बोलण्याचे. वजन कित्येक पौंड. हेडसेटच्या पूर्वजांत याची गणना होते. हाताचे ओझे खांद्यावर गेले. ओझे संपले नाही. पुढच्या प्रत्येक सुधारणेकडे याच नजरेने पाहावे लागते : कोणता अवयव सुटला आणि भार कुणावर गेला?

७/ पुढे जोखड हलके झाले. कानावरचे यंत्र डोक्यावरच्या पट्टीला लागले. बोलण्याचे यंत्र छातीवरच्या पत्र्याला, भोंग्यासारखे. पण ती ऑपरेटर आता फळ्याला तारेने जोडलेली होती. उठायचे तर तार काढावी लागे, आणि परवानगीही. हात मोकळा झाल्याने तिला आराम मिळावा, हे तर्काला धरून होते. प्रत्यक्षात मोकळ्या हातांकडून तासाला अधिक जोडण्यांची अपेक्षा होऊ लागली.

८/ हा ताण पहिल्यांदा ठळकपणे कागदावर आला तो कॅनडातील टोरंटो शहरात. तेथील बेल टेलिफोन कंपनीने १९०७ च्या आरंभी ऑपरेटरांची पाच तासांची पाळी बदलून आठ तासांची करण्याचे ठरवले. चारशेहून अधिक स्त्रिया संपावर गेल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या दोन सदस्यांपैकी एक होते विल्यम लायन मॅकेंझी किंग, जे पुढे देशाचे पंतप्रधान झाले.

९/ आयोगासमोर पगाराइतकीच चर्चा शरीराची झाली. तारेतून कानाला बसणारे विजेचे झटके, सतत ताणलेले लक्ष, थकलेल्या नसा यांच्या साक्षी झाल्या. डॉक्टरांनाही बोलावण्यात आले. डोक्यावरचे यंत्र किती वेळ घालावे, हा प्रश्न यंत्र निवडण्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे १९०७ सालीच मांडले गेले होते. कार्यालयीन खरेदीच्या कागदावर तो प्रश्न आजही सहसा आढळत नाही.

१०/ दुसरे वळण एका स्वयंपाकघरातले. अमेरिकेच्या युटा प्रांतातील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात दोन्ही कानांचे संवेदनशील हेडफोन बनवले आणि नौदलाकडे पाठवले. नौदलाने ते पसंत केले, मात्र डोक्यावरची पट्टी सुखाची नव्हती. तक्रार पोचल्यावर बाल्डविन यांनी पट्टीऐवजी चामड्याने मढवलेल्या, मागेपुढे सरकवता येणाऱ्या दोन तारा बसवल्या. वापरणाऱ्याचे म्हणणे ऐकले गेले की वस्तू सुधारते, याचे हे जुने उदाहरण.

११/ हलकेपणाची खरी क्रांती वैमानिकांमुळे झाली. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे पॅसिफिक प्लँट्रॉनिक्स ही कंपनी निघाली. तिचे संस्थापक कोर्टनी ग्रॅहम आणि कीथ लार्किन हे स्वतः वैमानिक होते. त्यांचा एमएस-५० हा हेडसेट कानाला लावता येईल इतका लहान होता. १९६९ मध्ये चंद्रावरून नील आर्मस्ट्राँग यांचे शब्द पृथ्वीवर आले, तेही याच कंपनीच्या हेडसेटमधून. वजनाची अडचण स्वतः सोसलेल्यांनी ती सोडवली, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१२/ तार मात्र अजून होती. ती कशी गेली, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातच यावे लागते. १९२७ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात बिनतारी ‘बीम’ तारसेवा सुरू झाली. पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला, घेण्याचे केंद्र दौंडला. दोन केंद्रे इतकी लांब का? आपल्याच प्रक्षेपकाच्या गर्जनेत हजारो किलोमीटरवरून आलेला क्षीण संदेश बुडू नये म्हणून. बोलणे आणि ऐकणे यांच्यात काही तालुक्यांचे अंतर ठेवले गेले.

१३/ १९३३ मध्ये मुंबई आणि लंडन यांच्यात बिनतारी दूरध्वनी संभाषणही सुरू झाले. त्याच वर्षी भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा झाला आणि बिनतारी यंत्र बाळगायलाच परवाना लागू लागला. घरच्या रेडिओसाठी टपाल कचेरीत पैसे भरून परवाना घेणारी माणसे अनेक कुटुंबांच्या आठवणीत आहेत. हवेतून जाणारा आवाज ही दीर्घकाळ सरकारच्या अखत्यारीतली गोष्ट होती.

१४/ मग तीच दोन केंद्रे कानामागे मावतील एवढी कशी झाली? युरोपात १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘डेक्ट’ हे कॉर्डलेस फोनचे मानक ठरले. त्यात दहा मिलिसेकंदांचे चोवीस तुकडे पडतात : बारा एका दिशेचे, बारा दुसऱ्या. यंत्र एका क्षणी बोलते, पुढच्या क्षणी ऐकते. माणसाला खंड जाणवत नाही. खडकी आणि दौंड यांच्यात जे अंतर जमिनीवर राखले होते, ते इथे काळात राखले गेले. याच मानकावर मद्रास आयआयटीने ‘कॉरडेक्ट’ विकसित केले आणि तांब्याच्या तारेविना घरोघरी फोन पोचवण्याचा मार्ग दाखवला.

१५/ दुसरी वाट ब्लूटूथची. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये तिचे काम सुरू झाले. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून संघ स्थापला. नाव घेतले दहाव्या शतकातील डॅनिश राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचे. विखुरलेली राज्ये जोडणारा राजा, विखुरलेली यंत्रे जोडणारे तंत्र. तिचे चिन्ह त्याच्या नावाच्या दोन प्राचीन रून अक्षरांचे आहे. मूळ रचनेत हा संदेश ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतो.

१६/ भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. १९३३ पासूनच्या परवाना-परंपरेत हा मोठा बदल. परंतु मोकळे रान सगळ्यांसाठी मोकळे असते : वाय-फाय, मायक्रोवेव्ह भट्टी, शेजारच्या टेबलावरचा हेडसेट, सारे एकाच पट्ट्यात. आवाज तुटतो त्याचे कारण बहुधा ही गर्दी किंवा मधल्या भिंती आणि लोखंडी कपाटे असतात.

१७/ आता बजाजनगरातल्या त्या खरेदीकडे परत. पहिला प्रश्न : जोडायचे कशाला? मोबाइल किंवा संगणकावर बोलणे असेल तर ब्लूटूथ पुरते. टेबलावरचा ईपीएबीएक्सचा फोन असेल तर आधारपेटी लागते, आणि जागेवरून उठून फोन घ्यायचा तर रिसीव्हर उचलण्याचीही सोय लागते. मोठ्या कचेरीत फिरत बोलायचे तर डेक्टचा पल्ला अधिक. पण त्याचा पट्टा देशागणिक बदलतो. अमेरिकेसाठीचा संच नातेवाइकाकरवी मागवू नये. भारतात मान्यता असलेलाच घ्यावा.

१८/ दुसरा प्रश्न गोंगाटाचा, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. ‘आवाज दाबणारा’ मायक्रोफोन यंत्रांची घरघर पलीकडच्या माणसापासून लपवतो. घालणाऱ्याच्या कानाला त्याचा उपयोग नाही. त्याला ऐकू आले नाही की तो आवाज वाढवतो. कारखान्यातील आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा नियमांत आहे. कानात थेट शिरणारा आवाज कुणी मोजत नाही. म्हणून अचानक उसळणारा आवाज रोखणारी सोय हवी. टोरंटोच्या स्त्रियांच्या झटक्यांचे हे आजचे रूप आहे.

१९/ तिसरा प्रश्न एक कान की दोन. शांत खोलीत दोन्ही कान झाकले तर लक्ष लागते. ज्या कचेरीच्या दाराबाहेर फोर्कलिफ्ट फिरते, तिथे एक कान मोकळा हवा. तो जिवाच्या रक्षणाचा आहे. चौथा प्रश्न पाळीचा. तीन पाळ्यांत एकच संच फिरत असेल तर बॅटरीला विसावा नाही आणि कानाच्या गाद्याही तिघांच्या. गादी प्रत्येकाची वेगळी असावी. हा खर्च संचाच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

२०/ आणि पाचवा प्रश्न इतिहासाने शिकवलेला. तार गेली तेव्हा ऑपरेटरला फळ्यापासून उठता आले. पण आता ती पाणी प्यायला गेली तरी कानात घंटा वाजते. १९०७ साली पाळी संपल्यावर यंत्र खुंटीला लागत असे. बिनतारी यंत्राला खुंटी उरली नाही. ते केव्हा काढायचे, हे खरेदीच्या वेळीच ठरले नाही, तर ‘हात मोकळे’ याचा अर्थ पुन्हा ‘काम अधिक’ असाच होतो.

२१/ दोन-तीन नमुने मागवावेत. ते जिच्या डोक्यावर बसणार तिला एकेक आठवडा वापरायला द्यावेत : चष्म्यासह, पदरासह किंवा ओढणीसह, भर दुपारच्या गर्दीच्या वेळेत. मान दुखली का, कान तापला का, पलीकडच्याने किती वेळा ‘काय म्हणालात?’ विचारले, हे तिनेच लिहावे. बाल्डविन यांच्या चामड्याच्या तारा अशाच तक्रारीतून आल्या. सही मग कुणीही करावी. निवड तिची असावी.