ओझरचे मिग : एका निवडीचा इतिहास

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय हवाई दल लहान होते. फाळणीच्या वाटणीनंतर त्याच्याकडे टेम्पेस्ट, स्पिटफायर अशी पंख्याची लढाऊ विमाने उरली. 1948 मध्ये ब्रिटिश व्हॅम्पायर हे पहिले जेट आले. 1953 मध्ये फ्रेंच उरागाँ आले, त्याचे इथले नाव ‘तूफानी’. त्यामागोमाग मिस्टेअर आणि हंटर आली. एकाच देशावर विसंबायचे नाही, हा विचार शहाणपणाचा होता, पण त्याची किंमतही होती. विमानाची जात बदलली की सुटे भाग, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांचा वेगळा पसारा उभा करावा लागतो.

या काळातली सर्वांत समंजस निवड ब्रिटिश नॅटची म्हणावी लागेल. विमान छोटे, हलके आणि स्वस्त. खुद्द ब्रिटनच्या हवाई दलाने ते लढाऊ म्हणून घेतले नाही, फक्त प्रशिक्षणाला वापरले. भारताने मात्र त्याचा परवाना घेऊन ते बंगळूरला बांधले, आणि 1965 च्या युद्धात याच नॅटने पाकिस्तानी सेबर विमानांना तोंड दिले. त्याच सुमारास भारताने स्वतःचे ‘मरुत’ही बनवले. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या आराखड्यावरचे हे विमान 1961 मध्ये उडाले, पण त्याला साजेसे ताकदवान इंजिन कधीच मिळाले नाही.

1962 च्या सुमारास पाकिस्तानला अमेरिकेकडून ध्वनीच्या दुप्पट वेगाचे एफ-104 मिळाले. भारतालाही ते हवे होते, पण अमेरिका द्यायला राजी नव्हती. सोव्हिएत संघाने मिग-21 देऊ केले, ते भारतात बांधण्याचे तंत्र देऊ केले, आणि पैसे रुपयांत घेण्याची तयारी दाखवली. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला ही अट विमानाच्या वेगाइतकीच मोलाची होती. करार झाला तेव्हा कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. चीनच्या आक्रमणानंतर ते खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. 1964 मध्ये चव्हाण आधी अमेरिकेला आणि मग मॉस्कोला गेले. मॉस्कोहून मिगच्या उत्पादनाला आणखी मदत मिळाली.

उत्पादनाची विभागणी तीन राज्यांत झाली : इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा व अंतिम जोडणी नाशिकजवळ ओझरला. द्राक्षांच्या या पट्ट्यात धावपट्टी आणि कारखाना उभा राहिला. सुरुवातीला सोव्हिएत संघातून आलेले भाग जोडले जात, पुढे बांधणीच इथे होऊ लागली. एफएल, एम आणि बिस अशा पिढ्या बाहेर पडल्या. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेल्या मिग-21 ची संख्या सहाशेच्या वर गेली.

विमानात उणिवा होत्या. इंधन थोडे मावत असल्याने पल्ला तोकडा होता. एफएलला अंगची तोफ नव्हती, म्हणून 1965 नंतर पोटाखाली वेगळी तोफ बसवावी लागली. 1971 च्या डिसेंबरातल्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात मात्र याच विमानांनी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर अचूक मारा केला. पुढच्या दशकांत अपघातांत शेकडो विमाने गेली आणि अनेक तरुण वैमानिक दगावले. याचा दोष एकट्या विमानावर टाकणे अन्यायाचे आहे. साध्या विमानातून एकदम मिगमध्ये जाणाऱ्या वैमानिकासाठी मधली पायरी हवी होती. ती पायरी म्हणजे हॉक हे प्रशिक्षण विमान, आणि ते 2008 मध्ये आले. लढाऊ विमान निवडताना प्रशिक्षणाचे विमानही निवडावे लागते, ही गोष्ट फार उशिरा मनावर घेतली गेली.

मिग-21 नंतर ओझरला मिग-27 आणि सुखोई-30 बांधली गेली. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात, 17 ऑक्टोबरला, ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-1ए हे लढाऊ विमान आकाशात गेले. या तेजसचा आराखडा भारतीय आहे, इंजिन मात्र अमेरिकेहून येते.