छर्रा लहान की मोठा?

छऱ्याच्या बंदुकीला साडेचार मिलिमीटर बरा की साडेपाच, हा वाद निघाला की मला ऑस्ट्रियाचा जिरार्डोनी आठवतो. १७८०च्या सुमारास तिथल्या सैन्याने घेतलेली त्याची हवेची रायफल अकरा मिलिमीटरहून मोठी शिशाची गोळी टाकायची. दस्त्यातच हवेची टाकी, आणि ती भरायला पंप शेकडो वेळा मारायचा!

पुढे स्प्रिंगच्या बंदुका आल्या. ताकद कमी, म्हणून छर्राही लहान. ब्रिटनमध्ये १९६९च्या नियमांनी साध्या एअर रायफलला १२ फूट-पौंडांची, म्हणजे साधारण १६ ज्यूलची मर्यादा घातली. तेवढ्याच ताकदीत अर्ध्या ग्रॅमचा ४.५चा छर्रा सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने सुटतो, तर ०.९५ ग्रॅमचा ५.५चा सुमारे १८५ने. पहिला सरळ जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतो. दुसरा लवकर खाली येतो, पण घाव मोठा करतो. सशांच्या शिकारीत तिथे दोन्ही पंथ टिकले ते यामुळेच.

लहानपणी मी एक पारवा पाडला. मेला नाही, सांजेपर्यंत तडफडत होता. दोष छऱ्याचा नव्हता, माझ्या नेमाचा होता. पुढे फौजेत मी जवानांना तेच सांगत आलो: आधी नेम, मग हत्यार.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला, ते बरेच झाले. ४.५च्या छऱ्याचे खरे काम कागदी लक्ष्यावर आहे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने त्यानेच सुवर्णपदक जिंकले. जय हिंद.