दात साफ करण्याचा खर्च कोणत्या खात्यात?



गेल्या दशलक्षण पर्वाच्या थोडं आधी आमच्या महिला मंडळात एक विषय निघाला. एकीला दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला सांगितलं होतं, खर्च 1,200 रुपये. ती म्हणाली, "काकू, आपल्या मुनिमहाराजांना तर अदंतधावन. त्यांचं काही अडतं का? मग आपण कशाला एवढे पैसे घालायचे?" सगळ्या हसल्या. मी मात्र गप्प बसले, कारण सहा वर्षांपूर्वी मीही असंच काहीतरी बोलून घरी परत आले होते.

तेव्हा दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी सफाई सांगितली, खर्च 800 रुपये. त्याच महिन्यात नातवाची शाळेची फी होती, यांचा चष्मा होता. मी म्हटलं, "दुखत तर नाही, बघू नंतर." ते 'नंतर' तीन वर्षांनी आलं. हिरड्यांच्या आतली खोल सफाई चार बैठकांत झाली, 8,000 रुपये गेले आणि एक दाढ काढावी लागली ती वेगळीच. माझ्या हिशेबाच्या वहीत दोन्ही आकडे आहेत. बी.कॉम. झालेल्या बाईनं असा हिशेब चुकवावा याची मलाच लाज वाटली.

आधी महाराजांचं बघू. अदंतधावन हा दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांपैकी एक. देहाची सजावट सोडण्याचं, देहावरचं ममत्व सोडण्याचं ते व्रत आहे. पण त्याच 28 गुणांत दिवसातून एकदाच, उभं राहून, हाताच्या ओंजळीत आहार घेणंही आहे. आपण सकाळचा चहा, दुपारचं जेवण, चारची चिवड्याची वाटी आणि सूर्यास्ताआधीचं जेवण एवढं करतो. त्यांचा एक गुण सोयीनं उचलायचा आणि बाकीचे 27 त्यांच्याकडेच ठेवायचे, हा धर्म नाही, ही काटकसरीची पळवाट आहे. गृहस्थाला शरीर नीट ठेवूनच व्रतं करायची असतात.

दात खरवडून साफ करणं हे काही आजकालचं फॅड नाही. सुश्रुतसंहितेत दातांवर चढणाऱ्या कीटणाला 'दंतशर्करा' म्हटलं आहे, आणि हिरड्यांना इजा न करता वैद्यानं ते काढावं असं सांगितलं आहे. गंमत म्हणजे 'इजा न करता' यासाठी तिथे जो शब्द आहे तो आपल्या 'अहिंसा' या शब्दाच्याच धातूतला. (त्यानंतर लावायला लाखेचं चूर्ण मधातून सांगितलं आहे. मध आपल्याला चालत नाही, ते सोडून देऊ.) पुढे साधारण हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कोर्दोबाजवळचे वैद्य अल्-झहरावी यांनी आपल्या ग्रंथात दात खरवडण्याच्या 14 अवजारांची चित्रंच काढून दिली.

म्हणजे ज्ञान जुनंच होतं. पण ज्याला वैद्य परवडेल त्याचेच दात साफ व्हायचे. साध्या माणसाचा दात दुखला की तो उपटायचा, एवढाच उपाय. हे बदललं ते अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट या कारखान्यांच्या गावी, आणि ते बायकांच्या हातून बदललं.

तिथे आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. दात बिघडूच नयेत म्हणून ते ठरावीक काळानं साफ करावेत, हा विचार त्यांनी फिलाडेल्फियाच्या डॉ. डी. डी. स्मिथ यांच्याकडून घेतला. पण स्वतः डॉक्टरच हे करत बसला तर वेळ पुरेना, आणि डॉक्टरच्या वेळेचे पैसे सामान्य माणसाला परवडेनात. म्हणून 1906 मध्ये त्यांनी आपली चुलत बहीण आणि मदतनीस आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवलं. 1907 मध्ये राज्याच्या कायद्यातही तशी सोय झाली. 1913 मध्ये फोन्स यांनी आपल्या दवाखान्याजवळच, जिथे पूर्वी बग्ग्या ठेवत त्या जागेत, शाळा काढली. 1914 मध्ये 27 जणी शिकून बाहेर पडल्या. त्यांत शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, दंतवैद्यांच्या बायकाही होत्या.

त्यांना 'नर्स' म्हणायचं नाही, असं फोन्स यांनी ठरवलं. नर्स म्हटलं की आजारपण आठवतं. म्हणून आरोग्यावरून नाव दिलं, 'हायजिनिस्ट'. या बायका मग ब्रिजपोर्टच्या सरकारी शाळांत गेल्या. कामगारांच्या मुलांचे दात साफ करायचे, वर्गात उभं करून ब्रश कसा फिरवायचा ते शिकवायचं, आणि घरी काय खायचं ते सांगायचं. साधनं काय, तर लाकडी काडी, भुकटी, खरवडायची बारीक हत्यारं आणि धीर. आयरीन न्यूमनला 1917 मध्ये रीतसर परवाना मिळाला, या कामाचा तो पहिलाच.

आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्यात दंतवैद्यकाचं कॉलेज सुरू केलं. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात हायजिनिस्टचीही नोंद आहे. तरी आपल्या गावांत बहुतेक ठिकाणी सफाई डॉक्टर स्वतःच करतात. ज्यांना खासगी दवाखान्याचे दर जड वाटतात, त्यांनी जवळच्या डेंटल कॉलेजच्या रुग्णालयात चौकशी करावी. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे बरेच कमी लागतात.

आता मोल किती ते खरं सांगते. दर सहा महिन्यांनी प्रत्येकानं सफाई केलीच पाहिजे, असं नाही. 2018 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं ब्रिटनमधल्या 1,711 जणांवरच्या दोन अभ्यासांचा आढावा घेतला. ज्यांना हिरड्यांचा गंभीर आजार नव्हता, त्यांच्यात ठरावीक महिन्यांनी सफाई केल्यानं दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे पैसे कुणी घालावेत? ज्यांच्या दातांवर कडक कीटण चढलं आहे, हिरड्यांतून रक्त येतं, ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी डॉक्टरांना दाखवून कितीदा लागेल ते ठरवून घ्यावं. आणि खरी सफाई रोज सकाळी आणि रात्री आपल्याच हातात आहे. दातांवरचा मऊ थर ब्रशनं निघतो. तो तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो, मग ब्रश काही करू शकत नाही.

"सफाईनं दात हलतात, फटी पडतात," असंही आपल्यात म्हणतात. दात आधीच सैल झालेले असतात, कीटण त्यांना सिमेंटसारखं धरून असतं. ते निघालं की खरी स्थिती दिसते. दोष झाडूचा नसतो, साठलेल्या केराचा असतो.

एक व्यवहाराची गोष्ट. वेळ घेताना पर्वाचे आणि उपवासाचे दिवस टाळा, कारण सफाईत सतत पाण्याचा फवारा असतो. मी आता दशलक्षणाच्या महिनाभर आधीच जाऊन येते.

आता हिशेबाकडे. गाडीचं सर्व्हिसिंग, पाण्याच्या फिल्टरची कँडल, घराचा रंग, हे सगळं आपण न कुरकुरता देखभाल खर्चात मांडतो. मग स्वतःचे दात मात्र 'बघू नंतर' या खात्यात का? माझ्या आईनं साठीच्या आत सगळे दात गमावले. शेवटची पंधरा वर्षं ती भाकरी ताकात कुस्करून खायची. भाजणीची चकली तिला फार आवडे. ती सगळ्यांसाठी तळायची आणि स्वतः नुसती वासावर समाधान मानायची. तेव्हा आम्हाला वाटायचं, वय झालं की असंच असतं. असं नसतं, हे मला माझी एक दाढ गमावल्यावर कळलं.

त्या मैत्रिणीला मी घरी बोलावून वहीतली ती दोन पानं दाखवली. पर्वाच्या आधी ती जाऊन आली. येताना पावती घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, देखभालीतच लिहिलंय."

जय जिनेंद्र.