किती रुग्ण नोंदले नाही, किती बरे झाले? : टीबी कार्यक्रमाच्या झाडाझडतीचा इतिहास

घरात कुणाला टीबीचं औषध सुरू असेल, तर तुम्हाला हा अनुभव आला असेल. आरोग्य कर्मचारी घरी येतात, गोळ्यांची पाकिटं बघतात, पुन्हा थुंकीची तपासणी करायला सांगतात. कधी वरच्या पथकातलं कुणीतरी अचानक दारात उभं राहतं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतं. "सरकार औषध देतंय ना, मग ही चौकशी कशाला?" असं अनेक रुग्ण मला विचारतात. या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

एकेकाळी क्षयरोग म्हटलं की सॅनेटोरियम, मोकळी हवा, अंडी-दूध आणि महिनोन्‌महिने विश्रांती, असा समज होता. पण एवढ्या खाटा आणायच्या कुठून? 1956 मध्ये मद्रासला एक संशोधन केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो एकत्रित प्रयत्न होता. तिथे काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना घरीच, अगदी दाटीवाटीच्या वस्त्यांत, तीच औषधं दिली. 1959 मध्ये निष्कर्ष आले. नियमित औषध घेतलं तर घरी राहणारेही जवळपास तितकेच बरे होत होते. जगभरचे टीबीचे उपचार या अभ्यासाने बदलले.

याच पायावर 1962 मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे तो प्रत्यक्ष राबवायचा होता राज्य सरकारांनी. जिल्ह्याजिल्ह्यात क्षयरोग केंद्रं उघडली, एक्स-रे यंत्रं आली, रजिस्टरं भरू लागली. दरवर्षी लाखो रुग्ण नोंदले जात होते. कागदावर सगळं ठीक दिसत होतं.

1992 मध्ये भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनच्या मदत संस्थेबरोबर या कार्यक्रमाचा आढावा घेतला. निष्कर्ष धक्कादायक होता. टीबीच्या निम्म्याहूनही कमी रुग्णांचं निदान अचूक होत होतं आणि त्यांच्यापैकी निम्म्याहूनही कमी जणांना पुरेसा, परिणामकारक उपचार मिळत होता. निम्म्याचे निम्मे! म्हणजे तीस वर्षं कार्यक्रम चालवूनही शंभरातले पंचवीससुद्धा धड बरे होत नव्हते.

असं का झालं? पैसा अपुरा होता, औषधं मध्येच संपत होती, उपचारपद्धती ठिकठिकाणी वेगळी होती. थुंकीच्या तपासणीपेक्षा एक्स-रेवर भर होता. छातीच्या फोटोतला डाग जुना की नवा, टीबीचा की आणखी कशाचा, हे फोटो नेहमी सांगू शकत नाही. थुंकीत जंतू दिसले, तर शंकेला फारशी जागा राहत नाही. पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच कारण : सगळं लक्ष "किती रुग्ण शोधले" यावर होतं, "किती बरे झाले" यावर नव्हतं.

इथे दोन शब्दांतला फरक समजून घ्या. कार्यक्षमता म्हणजे हाताशी असलेल्या पैशात, माणसांत आणि वेळात किती काम उरकलं. परिणामकारकता म्हणजे त्या कामाने हवा तो परिणाम झाला का. झटपट हजार एक्स-रे काढणारं केंद्र कार्यक्षम दिसेल, पण त्यातले रुग्ण दोन महिन्यांनी औषध सोडून देत असतील तर ते परिणामकारक नाही. टीबीत तर अर्धवट उपचार अधिक घातक, कारण त्यातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात.

या आढाव्यानंतर 1993 पासून निवडक ठिकाणी सुधारित कार्यक्रमाची चाचणी घेण्यात आली, 1997 पासून विस्तार सुरू झाला आणि मार्च 2006 पर्यंत तो देशभर पोचला. थुंकीची तपासणी केंद्रस्थानी आली. गोळ्या समोर बसवून देणं सुरू झालं. औषध मध्येच संपू नये म्हणून प्रत्येक रुग्णाच्या नावाचा पूर्ण उपचाराचा खोकाच बाजूला ठेवला जाऊ लागला.

आणि मोजण्याची रीत बदलली. एका तिमाहीत नोंदलेल्या सगळ्या रुग्णांचा एक गट धरायचा आणि प्रत्येकाचं शेवटी काय झालं ते लिहायचं : बरा झाला, उपचार पूर्ण झाला, औषध सोडलं, उपचार निष्फळ ठरला, दगावला, की दुसरीकडे गेला. एकही नाव हिशेबाबाहेर ठेवायचं नाही. थुंकीत जंतू असलेल्या नव्या रुग्णांपैकी किमान 85 टक्के बरे झाले पाहिजेत, असं उद्दिष्ट ठरलं. राज्यांची पथकं निवडक जिल्ह्यांत जाऊन रजिस्टर तपासू लागली आणि काही रुग्णांच्या घरीही जाऊ लागली. कारण रजिस्टरमध्ये "गोळ्या घेतल्या" असं लिहिलेलं असलं, तरी खरं काय ते रुग्णालाच माहीत असतं.

या पद्धतीतही एक मोठं भगदाड राहिलं. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरांकडे जाणारे रुग्ण या हिशेबात येतच नव्हते. 2012 मध्ये टीबीच्या प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं. म्हणूनच आज आम्ही तुमचं नाव, पत्ता, फोन विचारतो आणि नोंद करतो. त्यामागे बदनामीचा हेतू नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी चौकशीला कुणी आलं तर खरं सांगा. चार दिवस गोळी चुकली असेल, मळमळ होत असेल, दारू सुटत नसेल, औषध केंद्रावर मिळालं नसेल, तर तेही सांगा. "सगळं ठीक आहे" असं म्हटलं की रजिस्टर छान दिसतं, पण तुमचा आजार तिथेच राहतो. आणि बरं वाटू लागलं तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत औषध थांबवू नका. शेवटची थुंकी तपासणी झाल्याशिवाय तुमच्या नावापुढे "बरा झाला" असं लिहिता येत नाही.