हे खरे आहे काय?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सदस्यांच्या हाती जी छापील प्रश्नोत्तरांची यादी पडते, ती ज्याने एकदा स्वस्थपणे वाचून काढली असेल, त्याच्या ध्यानात येईल की महाराष्ट्राचा लोकप्रतिनिधी सरकारला सहसा थेट जाब विचारीत नाही; तो नम्रपणे एक विधान मांडतो आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह ठेवतो. अमुक तालुक्यातील आश्रमशाळेच्या इमारतीचे काम निधीअभावी रखडले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने त्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोरच्या रकान्यातील उत्तर याहूनही मितभाषी असते: होय, हे अंशतः खरे आहे, हे खरे नाही, आणि शेवटच्या पोटप्रश्नापुढे बहुधा, प्रश्न उद्भवत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांच्या वाट्याला ही प्रश्नोत्तरांची पद्धत केव्हा व कशी आली, आणि आल्यानंतर तिचा उपयोग किती झाला, हा इतिहास राज्याच्या इतर भागांच्या इतिहासाहून वेगळा आहे, आणि त्याचे कारण या मुलखाच्या भूगोलात जितके आहे तितकेच त्याच्या कारभारात आहे.

चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. गोंडराजाच्या किंवा भोसल्यांच्या अमलात रयतेने दाद मागावयाची ती अर्ज घेऊन, नजराणा घेऊन, क्वचित गाव सोडून जाऊन. त्यात सरकारने उत्तर देण्याचे बंधन मुळीच नव्हते. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा त्याच्या शिरावर एक चीफ कमिशनर बसविण्यात आला, कायदेमंडळ मात्र देण्यात आले नाही. मुंबई इलाख्यातील सभासदांना १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, तेव्हा मध्य प्रांतात तो हक्क बजावण्याला जागाच नव्हती. नागपूरचे गंगाधरराव चिटणवीस यांच्यासारखा एखादा गृहस्थ व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात या साऱ्या प्रांताच्या वतीने बसे, आणि त्यानेही प्रश्न विचारल्यावर आलेल्या उत्तरावर दुसरा प्रश्न काढता येत नसे, कारण पुरवणी प्रश्नाची मुभा १९०९ पर्यंत नव्हती. आता हेही लक्षात घेतले पाहिजे की चांदा जिल्ह्यातील सरकारी जंगले १८७८ च्या वनकायद्याखाली राखीव झाली, गुरांच्या चराईला, सरपणाला आणि डोंगरउतारावरील फिरत्या शेतीला बंधने आली, आणि १८९७ व १९०० चे दोन भयंकर दुष्काळ येऊन गेले, ते सर्व याच मुक्या कालखंडात. ज्या निर्णयाने या जिल्ह्याचे पुढील शतक घडले, तो निर्णय होत असताना त्याविषयी प्रश्न विचारील असा एकही निर्वाचित मनुष्य प्रांतात नव्हता.

मध्य प्रांताला स्वतःचे कायदेमंडळ मिळाले ते १९१४ मध्ये, आणि त्याला काही वजन आले ते १९१९ च्या सुधारणांनंतर. पण या सुधारणांतही एक मेख होती. प्रांतिक कारभाराचे ‘सोपीव’ आणि ‘राखीव’ असे दोन भाग पाडून शिक्षण, आरोग्य, अबकारी ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे देण्यात आली. जंगल खाते मात्र मुंबई व ब्रह्मदेश वगळता सर्वत्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिले. म्हणजे चांद्याच्या सभासदाला दारूच्या दुकानाविषयी मंत्र्याला विचारता येई, आणि ज्या जंगलाने जिल्ह्याचा फार मोठा भाग व्यापलेला होता त्याविषयी ज्याला विचारावयाचे तो अधिकारी सभागृहाला जबाबदारच नसे. त्याने उत्तर दिले तरी तो शिष्टाचार. त्याचे उत्तर न पटल्यामुळे त्याला खुर्ची सोडावी लागण्याचा संभव नव्हता.

या पोकळपणाचा राग नागपूरच्या सभागृहात एकदा मोठ्या विलक्षण रीतीने प्रकट झाला. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला तेथे बहुमत मिळाले, आणि १९२४ च्या मार्चमध्ये त्या पक्षाने अंदाजपत्रकातील मागण्या फेटाळून मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपये इतके खाली आणले. मंत्र्यांनी राजीनामे दिले, आणि गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी आपल्या खास अधिकाराने कारभार चालू ठेवला. आजच्या विधानसभेत एखाद्या मागणीत नाममात्र कपात सुचवून त्या निमित्ताने खात्याचे वाभाडे काढण्याची जी कपात सूचना असते, तिच्यात पैशाला काडीचेही महत्त्व नसते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दोन रुपयांत जी उपहासाची धार होती ती पुढे कोणत्याही कपात सूचनेला आली असेल, असे मला वाटत नाही.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली, डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले, वर्षभरात त्यांच्याविषयी वाद होऊन त्यांच्या जागी पं. रविशंकर शुक्ल आले, आणि जंगल खात्यासह सर्व खाती प्रथमच सभागृहाला उत्तरदायी झाली. हे सुख दोन वर्षांहून थोडे अधिक टिकले. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी युद्धाच्या प्रश्नावर राजीनामे दिले, कलम ९३ अन्वये सारी सत्ता गव्हर्नरच्या हाती गेली, आणि नागपूरच्या सभागृहाला कुलूप लागले.

ते कुलूप लागलेले असतानाच चिमूर घडले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातील या गावात मिरवणुकीवर गोळीबार झाला, संतप्त जमावाने काही सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले, आणि मग तेथे उतरलेल्या फौजेने व पोलिसांनी गावातील पुरुषांना पकडून नेऊन मागे राहिलेल्या स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांची वार्ता हळूहळू नागपूर-वर्ध्याला पोहोचली. सामान्य काळी अशा घटनेवर सभागृहात स्थगन प्रस्ताव आला असता, गृहमंत्र्याला उभे राहावे लागले असते, आणि निदान त्याने काय लपविले हे तरी सरकारी दप्तरात कायम नोंदले गेले असते. येथे सभागृहच नव्हते. तेव्हा सेवाग्रामच्या आश्रमातील प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी तो प्रश्न आपल्या देहाने विचारला. ते प्रथम दिल्लीस गेले ते लोकनायक बापूजी अण्यांच्या घरी. वर्धा नदी ओलांडली की चांद्याला लागूनच असलेल्या वणीचे हे अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, आणि त्यांनी चिमूरला जाऊन चौकशी करावी किंवा सरकारकडून चौकशी करवावी, एवढीच भणसाळींची मागणी होती. अण्यांकडे समुद्रपारच्या हिंदी लोकांचे खाते होते. चिमूर त्या खात्यात येत नव्हते. (कारभारातील हे उत्तर आजही ज्यांना ऐकावे लागते, त्यांना याचे नवल वाटणार नाही.) भणसाळींना दिल्लीतून परत पाठविण्यात आले, आणि त्यांनी ११ नोव्हेंबरला सुरू केलेले उपोषण त्रेसष्ट दिवस चालले. त्याची बातमी छापण्यावर सरकारने बंदी घातली, तेव्हा देशातील अनेक वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी अंक न काढता निषेध केला. १२ जानेवारीस डॉ. खरे यांच्या मध्यस्थीने तडजोड होऊन उपोषण सुटले. बातम्यांवरील बंदी उठली आणि चिमूरला जाण्यास मोकळीक मिळाली. चौकशी मात्र झाली नाही. त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणाने जे मिळाले ते उत्तर नव्हते. प्रश्न विचारता यावा एवढी परवानगी होती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नांचे क्षेत्र एकाएकी विस्तारले. अहेरी आणि तिच्यासारख्या लहानमोठ्या जमीनदाऱ्यांची जंगले १९५१ मध्ये मालकी हक्क रद्द झाल्यावर सरकारजमा झाली, आणि आजवर जमीनदाराच्या कारकुनाशी ज्यांचा व्यवहार होता त्यांचा व्यवहार नाकेदाराशी आणि रेंजरशी सुरू झाला. पाच वर्षांतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ मुंबई राज्यात गेला. नागपूर राजधानी राहिली नाही. ही अडचण आधीच ओळखून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात कलम घालण्यात आले होते की सरकारने ठराविक काळ नागपुरास मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे वर्षातून निदान एक अधिवेशन तेथे भरवावे. त्यानुसार दर हिवाळ्यात मुंबईहून दप्तरांच्या पेट्या, सचिव, कक्ष अधिकारी आणि मंत्री यांचा काफिला नागपुरास येतो, रवी भवन व नाग भवन गजबजतात, आणि सिरोंचा-भामरागडच्या माणसाला आपले सरकार एका रात्रीच्या एस.टी. प्रवासावर आलेले दिसते. योगायोगाने याच चांदा जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६२ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेल्यावर, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर चांद्याचा मनुष्य सर्वांच्या पुढे बसला. पण वर्ष पूर्ण होऊन चार दिवस होतात न होतात तोच, नोव्हेंबर १९६३ मध्ये, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न दाखल झाल्यावर त्याचे पुढे काय होते ते पाहावे, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तेथेच आहे. समजा, भामरागडच्या पर्लकोटा नदीवरील पुलाविषयी, जो पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन तालुक्याचा संपर्क तोडीत आला आहे, एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न लावला. विधानमंडळ सचिवालय तो मंत्रालयातील खात्याकडे पाठविते, खाते जिल्ह्याकडे, जिल्हा उपविभागाकडे, आणि कचेरीत “एलएक्यू आला”, म्हणजे विधानसभेचा प्रश्न आला, अशी हाक उठली की इतर सर्व कामे बाजूला पडतात. शेवटी ज्या अभियंत्याच्या किंवा जंगलाचा विषय असल्यास ज्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कारभारासंबंधी तक्रार आहे, त्याच्याच टेबलावर तो कागद येऊन थांबतो, आणि त्यानेच लिहिलेला अहवाल पायरीपायरीने वर चढत, प्रत्येक पायरीवर एकेक विशेषण गमावत, मंत्र्याच्या तोंडून “अंशतः खरे आहे” होऊन बाहेर पडतो. मंत्री खोटे बोलत नसतो. त्याला खरे सांगणाराच कोणी नसतो. तरीही मी या पद्धतीला निरुपयोगी म्हणणार नाही. वर जाणाऱ्या उत्तरापेक्षा खाली येणाऱ्या प्रश्नाचा धाक मोठा असतो, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेली नस्ती एलएक्यूच्या आठवड्यात हलल्याचे कारकुनांकडून अनेकांनी ऐकले असेल.

खर्चाच्या बाबतीत हा धाक कमी पडतो. नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्यांचा मोठा भाग येतो, चर्चेचा वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात, आणि झालेल्या खर्चाची छाननी पुढे लोकलेखा समितीकडे, बहुधा काही वर्षांनी, जाते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांना पाणी देणाऱ्या गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, आणि पुढे अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. विधिमंडळात या प्रकल्पावर इतके प्रश्न विचारले गेले की त्यांची एक स्वतंत्र यादी होईल. एकूण विदर्भाच्या मागासलेपणाचे मोजमाप मात्र सभागृहाला जमले नाही. ते १९८४ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने केले, राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींचा ठरविला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, वैधानिक विकास मंडळे आली. त्या समितीने दिलेल्या आकड्यांवर वैदर्भीय आमदारांची पुढची एक पिढी बोलली.

बांबूचा प्रश्न याहून बोलका आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या जिल्ह्यांतील बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने मिळत असे, तर बुरूड आणि गोंड-माडिया यांना टोपलीपुरता बांबू तोडण्यासाठी नाकेदाराची मर्जी सांभाळावी लागे. हा विरोधाभास सभागृहांत पुष्कळदा निघाला असेल. निकाल लागला तो धानोरा तालुक्यातील मेंढा या गावी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, ग्रामसभेने आपला बांबू विकावयास काढला, वनखात्याने वाहतूक परवाना अडविला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. मंत्री गावात आले होते, आणि प्रश्न विचारणारे समोर जमिनीवर बसलेले होते. मधली एकही पायरी तेथे नव्हती.

त्यानंतर बारा वर्षांनी, डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात, विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार ब्रह्मपुरीचे होते आणि वनमंत्री सुधीर मुनगंटीवार बल्लारपूरचे. एकाच जिल्ह्यातील दोन गृहस्थ एकमेकांसमोर बसले होते, आणि ज्या वनांत वाघ व माणूस यांच्यातील संघर्ष सर्वांत तीव्र आहे ती वने दोघांच्याही घरापासून फार दूर नव्हती. अशा वेळी वाघाने मारलेल्या एखाद्या गुराख्याविषयी प्रश्न आला तरी त्याचे उत्तर बीट गार्डच्या पंचनाम्यापासूनच सुरू होते, तेथून राऊंड ऑफिसर, रेंजर, उपवनसंरक्षक असे चढत जाते, आणि मंत्र्याला ती जागा स्वतः माहीत असली तरी त्याने वाचावयाचे ते छापील यादीत आलेलेच असते.